जिनिंगच्या गावात जीनची मोजणी!

मेहरूणचं बोर! नुसतं नाव काढलं तरी जळगावकराच्या तोंडाला पाणी सुटतं. पण माहीत आहे का? बोरीच्या एकाच फांदीवरचं पान, तिथलाच बोट रक्ताळवणारा काटा आणि त्या बोराचा आंबटगोड गर, या तिघांच्या पेशींतला डीएनए अगदी सेम टू सेम असतो. मग एक टोचतो, एक गोड लागतो, हे कसं काय भो?

उत्तर हॉटेलात सापडेल. प्रत्येक टेबलावर मेनूकार्ड एकच. शेवभाजी, भरीत, कळण्याची भाकरी, सगळं छापलेलं. पण किचनमध्ये काय शिजणार हे ठरवते ऑर्डरची चिठ्ठी! डीएनए म्हणजे ते मेनूकार्ड, मेसेंजर आरएनए म्हणजे चिठ्ठी आणि प्रोटीन म्हणजे ताटात आलेला पदार्थ. कुठल्या जीनच्या नावाने किती चिठ्ठ्या फाटल्या, हे मोजायचं. याचंच नाव जीन एक्स्प्रेशनची मोजणी.

काट्याच्या पेशीत काट्याच्या चिठ्ठ्या, गराच्या पेशीत गराच्या. हिशेब मिटला? छे, आता तर सुरू झाला!

माणसाच्या एका पेशीत आरएनए असतं तरी किती? साधारण १० ते ३० पिकोग्रॅम. एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग करा आणि त्यातले दहा ते तीस उचला. बस्स, एवढंच! त्यातही खऱ्या चिठ्ठ्या जेमतेम १ ते ५ टक्के. ८० टक्क्यांहून जास्त आरएनए असतं रायबोसोमचं, म्हणजे प्रोटीन तयार करणाऱ्या यंत्रणेचं. प्रोटीन बनवणारे मानवी जीन सुमारे २०,००० आणि त्यांची मोजणी करायची ती या चिमूटभराहून चिमूटभर मालात.

भुसावळच्या उन्हाळ्याला सलाम

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांकडे धावतो, तेव्हा तुम्ही सावली शोधता. पेशी काय करते, माहीत आहे का? ती जीन चालू करते!

आणि ही गोष्ट उघडकीस आली एका चुकलेल्या तापमानामुळे. इटलीत फेरुच्चो रितोसा फळमाश्यांवर काम करत होते. कुणीतरी त्यांच्या इनक्युबेटरचं तापमान वाढवून ठेवलं. रितोसांनी माश्यांच्या अळ्यांच्या लाळग्रंथी मायक्रोस्कोपखाली धरल्या, तर क्रोमोसोमवर भलत्याच जागी फुगे आलेले! नेहमीचे फुगे गायब, नवे हजर. फुगा म्हणजे त्या जागेचा जीन जोरात आरएनए बनवतोय, याची डोळ्यांना दिसणारी खूण. उष्णतेने जीन चालू होतात, हे असं थेट बघायला मिळालं.

पहिल्या नियतकालिकाच्या संपादकांनी निबंध परत पाठवला. जीवशास्त्रात याला महत्त्व नाही, असं त्यांचं मत पडलं. १९६२मध्ये तो दुसरीकडे छापून आला आणि आज हीट शॉक जीनवर जगभर काम चालतं. माश्यांपासून माणसापर्यंत आणि केळीपासून कापसापर्यंत, ऊन वाढलं की हे जीन जागे होतातच. एक्स्प्रेस गाड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या भुसावळात एक्स्प्रेशनचीही अशी चंगळ आहे!

हातमोजे घाला, नाहीतर खेळ खल्लास

चिठ्ठ्या मोजायच्या तर आधी त्या टिकायला हव्यात ना? आरएनए फार नाजूक. त्याचे तुकडे पाडणारं आरएनेझ नावाचं एन्झाइम तुमच्या बोटांवर, घामात, टेबलावर, सगळीकडे बसलेलं असतं. आणि चिवट किती? उकळा, तरी मरत नाही. थंड झालं की पुन्हा घडी घालून कामाला हजर! म्हणून लॅबमध्ये हातमोजे सक्तीचे, नमुना लगेच उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये आणि साठवण उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये.

आता खरी मजा. हेच खट्याळ एन्झाइम एकेकाळी फुकट वाटलं गेलं होतं, माहीत आहे का? अमेरिकेतल्या आर्मर नावाच्या मांस विकणाऱ्या कंपनीने गाईच्या स्वादुपिंडातून तब्बल एक किलो आरएनेझ शुद्ध केलं आणि शास्त्रज्ञांना नमुने म्हणून देऊन टाकलं. त्या खिरापतीमुळे प्रोटीनच्या घडीचा अभ्यास झपाट्याने पुढे गेला. क्रिस्टियन आन्फिन्सेन यांना १९७२चं नोबेल मिळालं, ते याच आरएनेझवरच्या कामासाठी!

शेपटी सापडली, शिकार फत्ते

ढीगभर रायबोसोमल आरएनएमधून नेमक्या चिठ्ठ्या वेगळ्या कशा काढायच्या? निसर्गानेच सोय केली आहे. बहुतेक मेसेंजर आरएनएला एक लांब शेपटी असते, आणि त्या शेपटीत ए, ए, ए, ए असं एकच अक्षर ओळीने. ए अक्षर टी अक्षराला चिकटतं. मग बारीक मण्यांवर टी, टी, टी, टीच्या माळा लावायच्या. शेपटीवाले चिकटतात, बाकीचे धुऊन जातात. एवढी सोपी युक्ती आणि तिच्यावर अख्खं क्षेत्र उभं!

चारपैकी तीन दिशा!

एडविन सदर्न यांनी १९७५मध्ये डीएनए ओळखण्याची पद्धत आणली. तिला नाव पडलं सदर्न ब्लॉट. सदर्न हे आडनाव बरं का! दोनच वर्षांनी स्टॅनफर्डमध्ये जेम्स ऑल्वाइन, डेव्हिड केम्प आणि जॉर्ज स्टार्क यांनी तशीच पद्धत आरएनएसाठी काढली. लोकांनी हसत हसत तिला नॉर्दर्न ब्लॉट म्हटलं. मग प्रोटीनची पद्धत आली, तिचं झालं वेस्टर्न. जीन चालू आहे की बंद, हे कित्येक वर्षं नॉर्दर्नच सांगत होती. फिल्मवर काळी पट्टी उमटली की जीन चालू. पट्टी जाड तर एक्स्प्रेशन जास्त, फिकट तर कमी. साधा, सरळ, डोळ्यांनी वाचता येणारा निकाल.

आरटी-पीसीआर: घरोघरी पोचलेली लॅब

हा शब्द आता आजी-आजोबांनाही पाठ आहे. पण माहीत आहे का? करोनाच्या आधीपासून ही पद्धत लॅबमध्ये जीन एक्स्प्रेशन मोजण्यासाठी रोज वापरात होती!

आरटी म्हणजे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज. १९७०मध्ये हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांना हे एन्झाइम वेगवेगळं काम करत असताना एकाच वेळी सापडलं. डीएनएवरून आरएनए बनतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, या एन्झाइमने गाडी उलटी चालवून दाखवली आणि आरएनएवरून डीएनए बनवला! पाचच वर्षांत नोबेल. मोजणीवाल्यांची चांदी झाली, कारण नाजूक चिठ्ठीची आता टिकाऊ डीएनए कॉपी मिळू लागली.

पुढचं काम पीसीआरचं. कॅरी मुलिस यांना १९८३मध्ये कॅलिफोर्नियात रात्री गाडी चालवताना ही कल्पना सुचली. डीएनए तापवायचा, थंड करायचा, दुप्पट करायचा. पुन्हा तापवायचा, पुन्हा दुप्पट. १९९३मध्ये नोबेल. पण ९५ अंशांना न करपणारं एन्झाइम आणायचं कुठून?

गरम पाण्याच्या झऱ्यातून! थॉमस ब्रॉक यांना अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या कढत झऱ्यांत थर्मस अॅक्वाटिकस नावाचा बॅक्टेरिया सापडला होता. त्याचंच टॅक एन्झाइम पीसीआरमध्ये गेलं. आपल्याकडे चोपडा तालुक्यात अडावदजवळ उनपदेवचं गरम पाणी आहे ना? पुढच्या वेळी तिथे पाय बुडवाल तेव्हा आठवा, असल्याच एका झऱ्यातल्या जीवाने जगभरच्या लॅबा चालवल्या आहेत.

आता गणित. सोपं आहे, पळू नका! दहा फेऱ्यांत एकाचे होतात १,०२४. वीस फेऱ्यांत दहा लाखांच्या वर. तीस फेऱ्यांत १०७ कोटी! प्रत्येक फेरीला चकाकणारा रंग थोडा थोडा वाढतो आणि मशीनच्या स्क्रीनवर रेषा आधी सपाट, मग एकदम वर झेपावते. ती ठरावीक उंची ओलांडते ती फेरी म्हणजेच सीटी व्हॅल्यू. हो, तीच, करोनाच्या रिपोर्टवरची!

चिठ्ठ्या जास्त असतील तर रेषा लवकर उसळते, म्हणजे सीटी लहान. चिठ्ठ्या कमी तर सीटी मोठी. सीटीत एकाचा फरक म्हणजे मूळ मालात दुपटीचा फरक. तीनचा फरक म्हणजे आठ पट. दहाचा फरक म्हणजे हजार पट! लहान आकडा दिसला की मन हलकं व्हायचं सगळ्यांचं, पण हा आकडा उलटा वाचायचा असतो.

एक पेच राहतोच. एका नळीत मुळातच जास्त आरएनए पडलं असेल तर? म्हणून सोबत एक असा जीन मोजतात, जो सगळीकडे साधारण सारख्याच प्रमाणात चालू असतो. अॅक्टिन हा त्यातला लाडका. या तुलनेचा हिशेब केनेथ लिव्हाक आणि थॉमस श्मिटगेन यांनी २००१मध्ये एका निबंधात मांडला. त्या निबंधाचा हवाला इतर शास्त्रज्ञांनी किती वेळा दिला असेल? लाखाहून जास्त! विज्ञानाच्या इतिहासात इतक्यांदा हवाला मिळालेले निबंध हाताच्या बोटांवर मोजावेत.

आणि हा किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. भारतीय बनावटीचा पहिला मान्यताप्राप्त करोना आरटी-पीसीआर किट पुण्यातल्या मायलॅबचा. मार्च २०२०. त्या टीमच्या प्रमुख मीनल दाखवे-भोसले तेव्हा गरोदर होत्या. एरवी तीन-चार महिने खाणारं काम टीमने सहा आठवड्यांत उरकलं. १८ मार्चला किट तपासणीसाठी सोपवला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना मुलगी झाली. एका आठवड्यात दोन बाळंतपणं! सलाम, ताई.

केळी: खायला सोपी, मोजायला अवघड

रावेर, यावल, चोपडा. केळीच केळी. जळगावच्या केळीला २०१६मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण केळीच्या जीनचा आकडा माहीत आहे का? २०१२मध्ये केळीचा जीनोम वाचून झाला आणि जीन निघाले ३६ हजारांवर. माणसाच्या प्रोटीनवाल्या जीनपेक्षा कितीतरी जास्त!

केळीतून आरएनए काढायला गेलात तर घाम फुटतो. स्टार्च आणि चिकट साखरी पदार्थ आरएनएसोबतच बाहेर येतात, काळवंडवणारे पॉलिफेनॉल वेगळेच त्रास देतात. उपाय काय? सीटॅब नावाचं रसायन. हे रसायन सॅव्हलॉनमधल्या सेट्रिमाइडच्या कुटुंबातलंच. जखम धुणाऱ्या बाटलीचा नातेवाईक केळीचे जीन मोजतो!

रायपनिंग चेंबरमध्ये हिरवा घड पिवळा होतो तो इथिलीन वायूमुळे. बाहेरून थोडं इथिलीन दिलं की केळीचे स्वतःचे इथिलीन बनवणारे जीन जोरात सुरू होतात. मग केळीच केळीला पिकवते. एक केळं पिकलं की शेजारचं का पिकतं, याचं उत्तर त्या वाढलेल्या चिठ्ठ्यांत आहे.

आणि शेतकऱ्याची झोप उडवणारा हरण्या? तो कुकुंबर मोझॅक व्हायरस. मावा त्याला झाडोझाड फिरवतो. हा व्हायरस आरएनएचा असल्यामुळे त्याला पकडायलाही आरटी-पीसीआर चालते. रोप दिसायला हिरवंगार असतानाही आतला व्हायरस मोजता येतो. टिश्यू कल्चरची रोपं घेताना व्हायरस तपासणीचा कागद मागाच, तुमचा तो हक्क आहे.

कापूस: इथे जरा थांबा

जळगाव-धुळ्यात जिनिंगचा भोंगा सगळ्यांच्या ओळखीचा. त्या कापसाच्या पोटात एक परका जीन आहे, हेही ठाऊक आहे. बीटी! २००२मध्ये भारतात परवानगी मिळाली. मातीतल्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस या बॅक्टेरियाचा क्राय१एसी जीन. पण तो जीन चालू करणारं बटण कुणाचं, माहीत आहे का?

फ्लॉवरच्या भाजीला लागणाऱ्या व्हायरसचं! कॉलिफ्लॉवर मोझॅक व्हायरसचा एक तुकडा त्या जीनच्या पुढे जोडलेला आहे. बॅक्टेरियाचा जीन, फ्लॉवरच्या व्हायरसचं बटण, कापसाचं झाड आणि मरते बोंडअळी. चौघांची अशी युती दुसरीकडे बघायला मिळायची नाही.

पण जीन आत असणं वेगळं आणि तो हवा तेवढा चालू असणं वेगळं. हे नेमकं मोजलं ते आपल्या नागपुरात. केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत केशव क्रांती आणि सहकाऱ्यांनी बीटी हायब्रीड लावली आणि झाडाच्या प्रत्येक भागातलं क्राय१एसी प्रोटीन मोजलं. कसं? पानाचा छोटा तुकडा घ्यायचा, नळीत चुरडायचा, तो रस ९६ खड्ड्यांच्या प्लेटमध्ये टाकायचा. खड्ड्याच्या तळाशी अँटीबॉडी बसवलेल्या असतात, त्या फक्त हेच प्रोटीन धरतात. मग रंग आणणारं रसायन. खड्ड्यातला रंग जितका गडद, तितकं प्रोटीन जास्त. मशीन तो रंग वाचतं आणि आकडा देतं. या पद्धतीचं नाव एलायझा. चिठ्ठी न मोजता थेट ताटातला पदार्थ मोजायची ही तऱ्हा.

निकाल २००५मध्ये करंट सायन्समध्ये आला आणि डोळे उघडले. पानात प्रोटीन सगळ्यात जास्त. पण बोंडाची साल, पात्याची कळी, फुलाचा अंडाशय इथे अपुरं. आणि अळीला आवडतं काय? नेमकं तेच, पाते आणि बोंड! शिवाय झाडाचं वय वाढेल तसं प्रोटीन घसरत गेलं आणि लावणीनंतर साधारण ११० दिवसांनी ते ग्रॅममागे १.९ मायक्रोग्रॅम या निर्णायक पातळीच्या खाली गेलं. त्याखाली अळ्या तग धरू लागतात.

विचार करा, किती मोठी गोष्ट आहे ही! पिशवीवर बीटी लिहिलेलं, बियाण्यात जीन शंभर टक्के हजर, तरी शेवटच्या टप्प्यात बोंडाला संरक्षण पुरेना. शेतकऱ्याने अनुभवाने जे पाहिलं त्याला या आकड्यांनी कारण दिलं. माझ्या मते महाराष्ट्रात झालेल्या जीन एक्स्प्रेशनच्या मोजण्यांत शेतकऱ्याच्या सगळ्यात जवळची मोजणी हीच. ती शाळेच्या पुस्तकात यायला हवी. याच संस्थेने बियाणं किंवा पान बीटीचं आहे की नाही, हे शेतावरच सांगणारी पट्टीही तयार केली. रसात बुडवा, काही मिनिटं थांबा, रेघ बघा. झालं!

जाता जाता कापसाचा आणखी एक षटकार. कापसाचा प्रत्येक धागा म्हणजे एकच पेशी असते! सरकीच्या सालीवरची एक पेशी, फूल उमलल्याच्या दिवसापासून लांब लांब वाढत जाते आणि तीन सेंटिमीटरच्या आसपास पोचते. जाडीच्या हजारो पट लांबी! जी पेशी बघायला इतरांना मायक्रोस्कोप लागतो, ती खान्देशात ट्रॅक्टर भरभरून जिनिंगला जाते.

आणि वनस्पतींत सेल्युलोज बनवणारा जीन पहिल्यांदा सापडला तो कुठल्या झाडात? कापसातच! १९९६मध्ये डेबोरा डेल्मर यांच्या गटाला कापसाच्या धाग्यात तो मिळाला. धागा लांब होत असतो तेव्हा हा जीन शांत, आणि धाग्याची जाड भिंत भरायची वेळ आली की एकदम जोरात. वेळेचा पक्का! त्या भिंतीच्याच जोरावर पुढे सूत निघतं, कापड होतं, जीन्स शिवल्या जातात. तुमच्या जीन्सच्या मागे खरोखरच जीन आहेत!

४५ जीनपासून बर्गरपर्यंत

एकेक जीन मोजत बसायचं कधीपर्यंत? १९९५मध्ये स्टॅनफर्डच्या पॅट्रिक ब्राउन यांच्या गटाने काचेच्या पट्टीवर यंत्राने ठिपके छापले. प्रत्येक ठिपका एक जीन. एका नमुन्याला लाल रंग, दुसऱ्याला हिरवा. दोन्हींत सारखा चालू असेल तर ठिपका पिवळा. हा मायक्रोअॅरे! पहिल्या निबंधात मोहरीच्या कुळातल्या छोट्या अॅराबिडॉप्सिसचे फक्त ४५ जीन होते. काही वर्षांतच एका पट्टीवर हजारो आले.

याच पॅट्रिक ब्राउन यांनी पुढे काय केलं, माहीत आहे का? वनस्पतींपासून मांसासारखी चव देणारे बर्गर बनवणारी इम्पॉसिबल फूड्स ही कंपनी काढली! जीन मोजणारे हात शाकाहारी बर्गरला लागले.

सुटाबुटातलं सॉफ्टवेअर

२००८च्या सुमाराला आरएनए-सीक्वेन्सिंग आलं. आता ठिपके नकोत, सगळ्या चिठ्ठ्यांची डीएनए कॉपी करायची, तुकडे सरळ वाचायचे आणि मोजायचे. कोट्यवधी तुकडे! ते जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरची नावं ऐका: बोटाय, टॉपहॅट, कफलिंक्स. तिघांचा मिळून सेट झाला टक्सिडो. लग्नाला निघाल्यासारखा थाट!

आणि एक्सेलचा घोळ? सेप्ट१ आणि मार्च१ ही मानवी जीनची नावं होती. एक्सेलमध्ये टाइप केली की त्याच्या मते १ सप्टेंबर आणि १ मार्च! २०१६च्या एका पाहणीत, जीनच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेल्या निबंधांपैकी सुमारे पाचव्या हिश्शात असे घोळ निघाले. शेवटी एक्सेल हरलं नाही, जीनच हरले. २०२०मध्ये त्यांची नावं बदलून सेप्टिन१ आणि मार्चएफ१ करावी लागली.

एकेका पेशीची हजेरी

आधी सगळ्या पेशी एकत्र चुरडून सरासरी काढायचे. २००९मध्ये उंदराच्या भ्रूणातल्या एकट्या पेशीचं आरएनए वाचलं गेलं. २०१५मध्ये ड्रॉप-सीक आलं. तेलात पाण्याचे इवलेसे थेंब, प्रत्येक थेंबात एक पेशी आणि एक मणी, आणि मण्यावर बारा अक्षरांचा बारकोड. चार अक्षरांचे बारा जागी किती बारकोड होतात? १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६! थेंब फोडले, सगळं एकत्र वाचलं, तरी कुठली चिठ्ठी कुठल्या पेशीची हे बारकोड सांगतो.

हा डेटा बघायचं गाजलेलं सॉफ्टवेअर आहे स्यूरा. ठिपक्या-ठिपक्यांनी चित्र काढणाऱ्या जॉर्ज स्यूरा या फ्रेंच चित्रकाराचं नाव! स्क्रीनवर प्रत्येक पेशीचा एक ठिपका पडतो, त्यामुळे नाव चपखल बसलं.

माणसाच्या अंगात पेशी किती? सुमारे ३७ लाख कोटी. सगळ्या प्रकारच्या पेशींचा नकाशा काढायचा ह्यूमन सेल अॅटलास हा प्रकल्प २०१६पासून चालू आहे. आटोपशीर काम नव्हे ते!

मांजर, काजवा आणि घड्याळ

लॅब नको, मशीन नको, नुसत्या डोळ्यांनी जीन एक्स्प्रेशन बघायचंय? तीनरंगी मांजर शोधा. ती जवळपास नेहमी मादीच असते, माहीत आहे का? मादीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स क्रोमोसोम, पण त्यातला एक बंद. कुठे केशरी रंगाचा चालू, कुठे काळ्याचा. म्हणून ठिगळं! २००१मध्ये अशाच मांजरीचा क्लोन केला, त्याचं नाव कॉपीकॅट. जीन तेच, पण पिलू तीनरंगी झालंच नाही!

काजवा बघायला पावसाआधी भंडारदऱ्याला गर्दी होते. त्या काजव्याचा ल्युसिफरेज जीन शास्त्रज्ञ दुसऱ्या जीनच्या बटणाला जोडतात. बटण दाबलं गेलं की पेशी चमकते आणि उजेड मोजला की एक्स्प्रेशन कळतं. १९८६मध्ये तर तंबाखूचं अख्खं झाड चमकवून दाखवलं होतं!

आणि वेळ? वेळेलाही महत्त्व आहे. २०१८मध्ये बबून माकडांच्या ६४ अवयव-ऊतींमध्ये दिवसभर दर दोन तासांनी मोजणी केली. प्रोटीन बनवणाऱ्या जीनपैकी ८० टक्क्यांहून जास्त जीन कुठल्या ना कुठल्या ऊतीत घड्याळाप्रमाणे वर-खाली होताना दिसले. सकाळी ९चा नमुना आणि रात्री ९चा नमुना, दोघांची तुलना करताना जरा जपून.

हापूस आणि हॉस्पिटल

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने हापूसच्या फुलापासून पिकल्या फळापर्यंतच्या टप्प्यांतल्या चिठ्ठ्या वाचल्या. हापूसचा तो वास कुठल्या जीनच्या जोरावर येतो, याचा माग २०१७मध्ये छापून आला. जळगावकरांनो, आपल्या मेहरूणच्या बोराची अशी मोजणी कुणी हाती घेतली तर काय बहार येईल! जळगावात बहिणाबाई चौधरींच्या नावाचं विद्यापीठ आहे, तिथे जीवशास्त्र शिकणारी आपलीच मुलं आहेत.

नवी मुंबईत खारघरच्या ॲक्ट्रेक या कॅन्सर संशोधन केंद्राने तर मोजणी थेट मुलांच्या जिवाशी जोडली. मेंदूतल्या मेड्युलोब्लास्टोमा या ट्यूमरचे चार उपप्रकार आहेत आणि चारही प्रकारांचं भवितव्य वेगळं. मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवलेल्या गाठीच्या तुकड्यातून रिअल टाइम पीसीआरने काही निवडक जीन मोजायचे आणि उपप्रकार ओळखायचा, ही पद्धत त्यांनी २०१३मध्ये मांडली. मेणातलं आरएनए तुटकं-फुटकं असतं, तरी निकाल मिळतो. महागडी मशीन नसलेल्या हॉस्पिटललाही परवडेल अशी ही वाट.

सातपुड्याची गोष्ट

शेवटचं, आणि हे जरूर वाचा. सिकलसेल. नंदुरबार, धुळे, जळगाव, सातपुड्याच्या पट्ट्यात हा आजार आहे. पण सिकलसेल असलेलं बाळ पहिले काही महिने बहुधा ठणठणीत असतं, माहीत आहे का? कारण पोटातल्या बाळासाठी हिमोग्लोबिनचा वेगळा जीन चालू असतो आणि त्याचा माल जन्मानंतरही काही महिने पुरतो. मग तो जीन झोपतो, मोठेपणीचा दोष असलेला जीन कामाला लागतो आणि लाल पेशी विळ्यासारख्या वाकू लागतात.

मग तो झोपलेला जीन पुन्हा उठवला तर? हायड्रॉक्सीयुरिया हे औषध बऱ्याच रुग्णांत नेमकं हेच करतं. किती उठला, हे रक्तातलं बाळ-हिमोग्लोबिन एचपीएलसी मशीनवर मोजून कळतं. त्या जीनला झोपवणाऱ्या बीसीएल११ए जीनचं बटण कापणारा, क्रिस्पर या जीन-कात्रीचा उपचारही नोव्हेंबर २०२३मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने मंजूर केला.

आई-बाबा दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, आणि वाहकाला स्वतःला बहुधा काहीच जाणवत नाही. रक्ताच्या चार थेंबांची प्राथमिक तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. सातपुड्याकडचे असाल, तर लग्न ठरवण्याआधी मुलाची आणि मुलीची, दोघांचीही तपासणी करून घ्या. आणि हे पान वाचून झालं की पाड्यावरच्या कुणाला तरी ही एक गोष्ट आजच सांगा.